पाळकसाहेब रविवार सोडून करतात तरी काय?

मागच्या महिन्यात फराळाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की माझे पप्पा नगर जिल्ह्यात चर्चचे पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू, होते आणि आमच्याकडे नाताळच्या करंज्या नेहमी दुसऱ्यांच्या घरून यायच्या, कारण डिसेंबरात मम्मीला त्या करायला वेळच नसायचा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज आले की संपादकबाई म्हणाल्या, या वेळचं सदर त्यालाच देऊन टाक. तर घ्या. आधीच सांगते, मी धर्मशास्त्र वगैरे शिकलेली नाही, फक्त पाळकाच्या घरात वाढलेय, त्यामुळे उत्तरं स्वयंपाकघराच्या दारातून दिलेली आहेत असं समजा. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीत.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक पाळक राहतात. माणूस सज्जन आहे पण रविवारी सकाळचे दोन तास सोडले तर काम काही दिसत नाही, दुपारी तर व्हरांड्यात चक्क झोपलेले असतात. रागवू नका, पण बाकीचे सहा दिवस हे लोक करतात काय? (एक वाचक, नाशिक रोड)

रागवले नाही हो, हसले. आमच्या शाळेतले एक सरसुद्धा मला वर्गात हेच विचारायचे, "काय गं, वडलांना आठवड्याला सहा सुट्ट्या, मजा आहे की!" आणि मी घरी जाऊन रडायचे कारण मला उत्तर देता यायचं नाही.

आता देते. पप्पांकडे एक मुख्य चर्च होतं आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांतली ख्रिस्ती घरं, कुठे वीस, कुठे तीनच. रविवारची उपासना फक्त मुख्य गावात, बाकीच्या गावांना आठवडाभर जायचं, आधी सायकलवर, मग लुनावर, आणि ती लुना चढाला पप्पांपेक्षा जास्त धापा टाकायची. जायचं म्हणजे प्रवचन द्यायला असं नाही. कुणाच्या सुनेचं माहेरी भांडण झालंय, कुणाचा मुलगा दहावीत नापास होऊन विहिरीच्या कडेला जाऊन बसलाय, एक आजी दोन महिने अंथरुणावर आहे आणि तिला प्रभुभोजन हवंय, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घ्यायचा पाव आणि द्राक्षरस. त्यासाठी पप्पांकडे एक छोटी लाकडी पेटी होती, आत मखमल, चार काचेचे इवलेसे ग्लास, एक बाटली द्राक्षरसाची आणि डबीत पावाचे तुकडे. ती पेटी लुनाच्या पुढच्या जागेत पायांमध्ये धरून न्यायची, खड्ड्यात ग्लास फुटू नयेत म्हणून खाली माझं जुनं स्वेटर अंथरलेलं. आजीला ऐकू यायचं नाही, त्यामुळे पप्पा प्रार्थना तिच्या कानात ओरडून करायचे आणि अख्ख्या वाडीला आमेन म्हणावं लागायचं.

मग कागदं. हे बाहेरच्या कुणाला माहीत नसतं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, दफनाचं रजिस्टर, सगळं पाळकाच्या ताब्यात. लोक कुठून कुठून यायचे, आजोबांचा बाप्तिस्मा अमुक साली तुमच्याकडे झाला होता, जन्मतारखेचा पुरावा पाहिजे, दाखला द्या. साल नक्की आठवत नाही, आडनाव बदललेलं, आणि रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. पप्पा चष्मा कपाळावर सरकवून बोटाने एकेक ओळ बघत बसायचे, कधी कधी अख्खी दुपार.

लग्न लावायलाही बऱ्याच पाळकांना सरकारचं लायसन्स लागतं, १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे त्याच्याखाली. आणि त्या कायद्यात लग्नाची वेळसुद्धा लिहिलेली आहे, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, काही सवलती सोडल्या तर. आता आपल्याकडची वरात तुम्हाला माहितीच आहे, लग्न साडेचारचं, सहा वाजले तरी नवरदेवाचे मित्र बँडसमोर चौकातच, आणि पप्पा झगा घालून चर्चच्या दारात घड्याळ बघत घामाघूम. एकदा सहा चाळीसला स्वतः जाऊन त्यांनी घोड्याचा लगाम धरला आणि नवरदेवाला चर्चपर्यंत ओढत आणलं. घोडेवाल्याला वाटलं हीपण एक पद्धतच असेल.

आणि मयत. मयताला वेळ नसते. रात्री दोन वाजता दार वाजलं की आम्हा पोरांना झोपेतही कळायचं काय झालंय ते. ज्या घरात मयत झालंय तिथली माणसं सुन्न बसलेली असतात, त्यामुळे शवपेटी कुठून आणायची, खड्डा खोदायला कुणाला उठवायचं, पुण्याच्या मुलाला कोण कळवणार, तो येईपर्यंत बर्फ कुठून मिळेल, हे सगळं फिरून फिरून पाळकाकडेच येतं. एका जुलैत असा पाऊस होता की खोदलेल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं. पेटी आली, माणसं छत्र्या धरून उभी, पाण्यात कशी सोडायची? पप्पांनी झगा कमरेला खोचला, उतरले खाली आणि बादलीने पाणी उपसायला लागले, मग गेलेल्या माणसाचे दोन्ही मुलगे उतरले. पाणी उपसून झाल्यावर वर येऊन त्याच चिखलाच्या हाताने पुस्तक उघडलं, "मातीला माती, राखेला राख" म्हणाले, आणि त्या पुस्तकाच्या त्या पानावर अजून अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे, पुस्तक माझ्याकडेच आहे.

तुमचे पाळक दुपारी झोपतात ना? आदल्या रात्री कुठल्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर होते एकदा विचारून बघा, चहा पाजून विचारा.

फादर, पाळक, पास्टर, रेव्हरंड हे सगळे एकच का? नक्की काय म्हणायचं ते कळत नाही, चुकायची भीती वाटते. (गृहिणी, लातूर)

चुकलात तरी कुणी फासावर देत नाही. कॅथलिक असतील तर फादर, ते लग्न करत नाहीत, त्यांच्या उपासनेला मिस्सा म्हणतात. वसई, गोवा, मुंबईच्या जुन्या गावठाणांत बहुतेक हे. प्रोटेस्टंट असतील तर मराठीत पाळक, म्हणजे मेंढरं पाळणारा, इंग्रजीतल्या पास्टरचाही मूळ अर्थ मेंढपाळच. ते संसारी असतात. रेव्हरंड ही नावापुढे लावायची पदवी, आपण ह.भ.प. लावतो तशी, हाक मारायची नाही.

नगर, सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं (मुंबईत १८१३ ला आले, नगरला १८३१ ला), दुसरीकडे स्कॉटिश, कुठे अँग्लिकन, प्रत्येकाची रीत वेगळी. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेच सीएनआय. त्यात बिशप, प्रेसबिटर (म्हणजे पूर्ण दीक्षा झालेले पाळक) आणि डीकन (त्याच्या आधीची पायरी) अशा पायऱ्या आहेत, आणि बायकांनाही दीक्षा मिळते, हे आमच्याच काही जुन्या मंडळींना अजून पचलेलं नाही, असो. यांच्याशिवाय स्वतंत्र चर्चेस आहेत, तिथे पास्टर म्हणतात. आमच्याकडे नगरला काहीच सुचलं नाही तर "सलाम पाळकसाहेब" म्हणायचं, मराठी ख्रिस्ती माणसं भेटल्यावर सलामच म्हणतात, तेवढं पुरतं.

स्पष्टच विचारतो. या लोकांना परदेशातून पैसा येतो असं सगळे म्हणतात. मग नम्र सेवा कसली? (वाचक, पुणे)

स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत, आमच्या मागे कुजबुजण्यापेक्षा.

मिशनरी होते तेव्हा पैसा बाहेरून यायचा हे खरंच आहे, शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार, सगळं. आणि ते इथल्याच माणसांना तेव्हाच टोचत होतं. कवी म्हणून ज्यांना तुम्ही शाळेत वाचलंत ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाले, नगरला मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं, आणि १९१७ ला ती नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" नावाचा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ काढला. त्यांना ख्रिस्त हवा होता पण साहेबी थाटाचा नको, इथल्या मातीतला हवा होता. नोकरी सोडली म्हणजे बांधलेला पगार सोडला, घरात बायकामुलं असताना. दोनच वर्षांनी, १९१९ ला ते गेले.

आजचं सांगायचं तर परदेशी पैसा घ्यायला संस्थेला केंद्र सरकारची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतच उतरतो, त्याचा हिशोब द्यावा लागतो. गावच्या पाळकाच्या खिशात डॉलर पडतात ही कल्पना छान आहे, पप्पांनी ऐकली असती तर खूश झाले असते. साध्या पाळकाचा पगार मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, अर्पणातून येतो, म्हणजे रविवारी जी थैली फिरते त्यातून. आमच्यासारख्या चर्चमध्ये मंडळी ठरलेली रक्कम डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताला, भरते आणि डायोसिस पगार देतं. मंडळीने भरली नाही तर? तर नाही. पप्पांचा पगार तीन-तीन महिने थकायचा आणि किराणा दुकानदार, तो मारवाडी, बिचारा कधी बोलला नाही, वहीत लिहीत राहायचा. स्वतंत्र चर्चच्या पास्टरला तर तेही नाही, पीएफ नाही, पेन्शन नाही, जे थैलीत पडेल ते. फादर लोकांचं वेगळं, धर्मप्रांताचे असतील तर जेवणखाण राहणं आणि थोडा भत्ता, जेझुइट वगैरे संघाचे असतील तर त्यांनी गरिबीचं व्रतच घेतलेलं असतं.

आमचे सुगीचे दिवस म्हणजे कापणीचा सण. लोक बाजरीची पोती, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन चर्चमध्ये यायचे आणि उपासना झाली की आवारात लिलाव. दहा रुपयांची मेथीची जुडी पाचशेला जायची आणि घेणारा ती परत लिलावाला ठेवायचा. ते पैसे चर्चचे, आमचे नाहीत, पण संध्याकाळी कुणीतरी मागच्या दाराने पायलीभर बाजरी ठेवून जायचं आणि कोण ते सांगायचं नाही.

खरी अडचण रिटायर झाल्यावर. आयुष्यभर पाळकनिवासात राहायचं, दर चार-पाच वर्षांनी बदली, टेम्पोत तीन ट्रंका आणि एक कपाट, आणि साठी-पासष्टीला एके दिवशी चावी द्यायची. स्वतःचं घर नाही. आम्ही शेवटी मामाच्या वाड्यात दोन खोल्यांत आलो. हे मी तक्रार म्हणून नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितेय.

मी एका पाळकांची पत्नी. लग्नाला नऊ वर्षं झाली. संडे स्कूल मी घेते, महिला मंडळ मी बघते, येणाऱ्या-जाणाऱ्याचं चहापाणी माझ्याकडे, कमिटीची मीटिंग आमच्याच हॉलमध्ये, आणि वर कुणीतरी म्हणतंच, पाळकीणबाई तुम्ही तर घरीच असता. मी बी.एड. आहे, जवळच्या शाळेत नोकरी मिळतेय. घ्यावी का? साहेब काही बोलत नाहीत, पण मंडळी काय म्हणेल याची भीती वाटते. (नाव नको, मराठवाडा)

घ्या. आधी उत्तर दिलं, आता कारण सांगते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असायचं. त्याची तयारी शनिवारी रात्री मम्मी करायची. काळे मनुके सकाळपासून भिजवलेले, ते उकळून, कुस्करून, जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळून रस करायचा कारण बाटलीतला परवडायचा नाही. मग पावाच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे, सगळे एका मापाचे, कडा आम्ही दुधात बुडवून खायचो आणि आमच्यासाठी शनिवारचा खरा सण तोच. रविवारी चर्च सुटलं की लोक घरी जेवायला आणि पाठीमागे नव्वद ग्लास, अंगठ्याएवढे, चिकट. ते धुवायचं काम लहानपणापासून मी मम्मीला करताना बघितलं होतं. एका रविवारी मम्मीला ताप होता. पप्पा झगा काढून बनियनवर मोरीत पाट टाकून बसले, ग्लास धुवायला. धुता येईनात, बोट आत जाईना. पेन्सिलीला फडकं गुंडाळून त्यांनी एकेक ग्लास पुसला, दीड तास लागला, तीन फुटले. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "हे तू दर महिन्याला करतेस?" लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

पुढच्या कमिटीत त्यांनी विषय काढला की ग्लास आळीपाळीने सभासदांनी धुवायचे. खजिनदार म्हणाले, साहेब आमच्या बायकांना जमायचं नाही. पप्पा म्हणाले, बायकांना कोण म्हणतंय. पुढच्या महिन्यात खजिनदार स्वतः मोरीत बसले होते आणि मम्मी ओट्याशी उभी राहून हसत होती, तेही तोंडाला पदर लावून.

हे अशासाठी सांगितलं की तुमच्या साहेबांना बहुतेक दिसतच नसेल. वाईट माणूस म्हणून नाही, मोरी त्यांच्या वाटेत येत नाही म्हणून. तेव्हा नोकरीचं बोलताना "मी थकले" एवढंच सांगू नका, आठवडाभर कागदावर लिहा, किती चहा, किती पाहुणे, किती फोन, किती वाजता, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. मग दोघांनी मिळून कमिटीला सांगा की जूनपासून मी शाळेत जाणार, संडे स्कूलला दोन तरुण मुली तयार करते, महिला मंडळाला नवीन सेक्रेटरी निवडा, मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये घ्या. परवानगी मागू नका, कळवा. पगार पाळकाला मिळतो, नेमणूक त्यांची झालीय, तुमची कुणी केलेली नाही. मंडळी महिनाभर बोलेल. मग शाळेत तुमच्याच वर्गात त्यांची पोरं येतील आणि तेच लोक मार्कांसाठी गोड बोलायला लागतील, बघाल तुम्ही.

आणि एक, नोकरीचा पगार आपल्या नावाच्या खात्यात. रिटायरमेंटचं वर लिहिलंय ते वाचलंत ना.

आमचे नवे पाळक नम्र वगैरे अजिबात नाहीत. पहिल्या रांगेत खास खुर्ची, "साहेब" म्हटलं नाही तर उत्तर नाही, गरिबाघरी भेटीला यायला वेळ नाही आणि सभासदाच्या फार्महाऊसवर मात्र दर शनिवारी. हिशोब विचारला की म्हणतात देवाच्या सेवकावर बोट उचलू नये. आम्ही काय करायचं? (चर्चचा सभासद, पश्चिम महाराष्ट्र)

असे असतात. नसतात असं लिहिलं तर मी खोटारडी. चर्चच्या जमिनी आणि खुर्च्यांवरून कोर्टकचेऱ्या किती चालल्यात ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

पण "देवाच्या सेवकावर बोट उचलू नये" हे त्यांनी तुम्हाला ऐकवलं म्हणून एक संदर्भ तुम्हीही हाताशी ठेवा, पेत्राचं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, दुसरी-तिसरी ओळ. तिथे पाळकांनाच सांगितलंय की कळप सांभाळा तो पैशाच्या लोभाने नाही आणि कळपावर सत्ता गाजवून नाही, स्वतः उदाहरण होऊन. हे प्रेषिताने लिहिलंय, तुमच्या कमिटीने नाही. आणि योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू टॉवेल कमरेला बांधून शिष्यांचे पाय धुतो. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फादर लोक अजूनही वेदीसमोर बसवून बारा जणांचे पाय धुतात. काही ठिकाणी त्याचं नाटकच होतं हे खरं, ज्यांचे धुवायचे ते घरूनच साबणाने स्वच्छ करून येतात! पण गुडघ्यावर तर बसावं लागतं.

करायचं काय ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. आधी एकट्याने जाऊन बोला, चारचौघांत नाही, आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. ऐकलं नाही तर एक-दोन शहाणी माणसं सोबत न्या. मग मंडळीसमोर. म्हणजे कमिटीत लेखी, हिशोबाचा मुद्दा वेगळा, वागण्याचा मुद्दा वेगळा, दोन्ही एकात मिसळू नका. तिथेही झालं नाही तर बिशपांकडे. हिशोब मागणं हा सभासदाचा हक्क आहे, तुमचेच पैसे आहेत.

एक बाजू मात्र त्यांचीही बघा. माझे पप्पापण तुम्हाला गर्विष्ठ वाटले असते. श्रीमंतांकडे जेवायला गेले की दोन तास बसायचे आणि मला फार राग यायचा. नंतर कळलं की ते दोन तास बसून कुणाच्या तरी नर्सिंगची फी काढून आणायचे. तुमच्या पाळकांचं फार्महाऊस तसलं असेल असं म्हणत नाही, पण विचारून घ्या.

मी संगमनेरचा, निवृत्त शिक्षक. आमच्या भागात पाणलोटाची कामं करणारे एक परदेशी फादर होते, त्यांनी आम्हाला कधी धर्माचं काही सांगितल्याचं आठवत नाही. मग हे लोक धर्मगुरू की समाजसेवक? (संगमनेर)

तुम्ही बहुतेक फादर हर्मन बाखर यांच्याबद्दल लिहिताय. स्वित्झर्लंडचे जेझुइट, नगर जिल्ह्यात बरीच वर्षं काम केलं. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या डोक्यातला, आणि १९९३ ला वॉटर (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था उभी राहिली त्यातही ते होते. त्यांच्या कामाची गंमत ही की गावाला आधी पैसे नाहीत, आधी अटी. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. गावाने स्वतः ठरवून पाळलं तर पुढची गोष्ट. त्यामुळे बांध गावाचा राहिला, फादरचा झाला नाही.

धर्मगुरू की समाजसेवक हा प्रश्न त्यांना विचारला असता तर काय म्हणाले असते मला माहीत नाही, पण आमच्यात हा फरक फार कुणी करत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. मिस्सा करायचे, "सुवार्ता" मासिक चालवायचे, आणि वसईच्या बागा आणि विहिरी बिल्डरांच्या घशात जायला लागल्या तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरले, धमक्या आल्या तरी मागे आले नाहीत. पुढे जानेवारी २०२० ला उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या मानावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. काहींनी विरोध केला तोही झाला. २०२४ च्या जुलैत गेले. त्यांचं मराठी ऐकून माझ्या सासूबाई म्हणायच्या की हे आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात, आणि त्यात थोडी असूया असायची.

अजून मागे गेलात तर जालन्याचे नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले, १८४३ ला ख्रिस्ती झाले आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवून मांग समाजातल्या लोकांबरोबर आयुष्य काढलं. त्या काळात कुठल्या घरातून कुठल्या वस्तीत गेले त्याचा विचार करा. आणि मराठवाड्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे, हात वर करा. नसेल. मलाही नव्हतं, पप्पांनी सांगेपर्यंत.

वय २२. बी.कॉम. झालोय. मला सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणाच्या कॉलेजात) जायचंय, पाळक व्हायचंय. वडील म्हणतात भिकेचे डोहाळे. काय करू? (श्रीरामपूर)

वडील चुकत नाहीत, त्यांना तुझी काळजी आहे. त्यांना वरचं तिसरं उत्तर वाचून दाखवू नकोस.

जायचंच असेल तर बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ग्रॅज्युएटला चार वर्षं, बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची (धर्मशास्त्राच्या पदव्या देणारी संस्था) पदवी, पुण्यातही शिकायची सोय आहे. ग्रीक-हिब्रूसारख्या जुन्या भाषांशी गाठ पडते, बी.कॉम.च्या अकाउंट्सचा उपयोग मात्र पुढे जास्त होईल, लिहून ठेव. त्यानंतर लगेच पाळक नाही, आधी उमेदवारी, मग डीकन, मग पुढची दीक्षा. पण फॉर्म भरायच्या आधी सहा महिने एक कर. तुमच्या पाळकांबरोबर हॉस्पिटलात जा, मयताला जा, रजिस्टर उतरवून दे, ग्लास धू. प्रवचन करायला मागू नकोस, ते सगळ्यांनाच करायचं असतं. सहा महिन्यांनी कंटाळा आला तर बँकेच्या परीक्षा आहेतच आणि त्यात कमीपणा काही नाही. नाही आला तर वडलांशी पुन्हा बोल, तेव्हा तुझ्याकडे बोलायला काहीतरी असेल.

फॉर्मबरोबर तुमच्या पाळकांची शिफारस लागते, तर पहिल्यांदा त्यांनाच भेट. दुपारी दोन ते चार जाऊ नकोस, झोपलेले असतील.